लेबललाही माया सोडा

मागच्या दिवाळीआधी आमच्या गटाने चकली भाजणीची २,००० लेबलं छापून घेतली. गठ्ठा उघडला तर बऱ्याच लेबलांच्या एका कडेला पांढरी रेघ आणि दुसऱ्या कडेला परवाना क्रमांकाचे शेवटचे आकडे कापलेले! चूक छापखान्याची नव्हती, आम्ही दिलेली फाइलच तशी होती. पैसे तर गेलेच, वर ऐन सणात माल अडकून पडला.

असं का होतं? छापखान्यात लेबलं एकेक कापत नाहीत. मोठ्या कागदावर अनेक लेबलं छापतात आणि कागदांचा गठ्ठा एकदम मशीनखाली घेतात. त्यात कागद मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकतोच. रंग नेमका कापायच्या रेषेवर संपला असेल, तर कडेला कोरा कागद दिसतो.

आपण ब्लाउज शिवताना माया सोडतो ना, तशीच ही छपाईची माया. तिला ब्लीड म्हणतात. पार्श्वभूमीचा रंग किंवा फोटो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर न्यायचा. लेबल १० बाय ७ सेंटिमीटरचं असेल, तर ब्लीड धरून माप १०.६ बाय ७.६ होतं. मात्र तयार डिझाइन नुसतं ओढून मोठं करू नका. त्याने अक्षरंही कडेला सरकतात.

जशी बाहेर माया, तशी आतही जागा सोडा. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, वजन, तारीख, शाकाहारी चिन्ह हे सगळं कापायच्या रेषेपासून किमान ३ मिलिमीटर आत हवं. अगदी कडेला बारीक चौकट नको. कागद जरा सरकला तरी ती वाकडी दिसते.

डीटीपीवाल्या ताई-दादांना चार गोष्टी आवर्जून सांगा: फोटो छपाईच्या मापात ३०० डीपीआयचा, रंग सीएमवायकेमध्ये, अक्षरांचे कर्व्ह केलेले, आणि कापायच्या खुणांसह पीडीएफ. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं तर त्याचा दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेवटी, खऱ्या मापाची एक प्रिंट काढा, कापा, पाकिटावर ठेवून बघा. गटातल्या दोघींनी प्रत्येक आकडा वाचावा, मगच छापायला होकार द्या. आम्ही आता असंच करतो.