पीळ मोजायचा कसा?
काही क्ष-किरण झोतांची लहर स्क्रूच्या आट्यांसारखी पिळत पुढे जाते. झोताच्या मधोमध काळोख राहतो. पंचाईत अशी, की डिटेक्टरला तेज कळते, पीळ नाही. इथे डेनिस गाबोर यांची १९४७ची होलोग्राफी कामी येते. जोडीला त्याच तरंगलांबीचा, लहरींचा मेळ राखणारा साधा झोत सोडायचा. दोन्ही मिसळले की पट्टे उमटतात आणि मध्यावर एका पट्ट्याला फाटे फुटतात. जादा फाटे मोजले, की पिळाचा आकडा मिळाला. फाट्याचे तोंड उलटे, तर पीळही उलटा. लहरीवर लहर घालून वाचण्याचेच तंत्र, पण लेसरने, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळच्या नियोजित लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांब भुजांत वापरले जाणार आहे.