प्रतिजैविक-रोधाचा दूषित पाण्यातील प्रसार

सूक्ष्मजंतूंचा नाश करणाऱ्या अथवा त्यांची वाढ थांबविणाऱ्या प्रतिजैविक पदार्थांना दाद न देण्याची जी क्षमता काही सूक्ष्मजंतूंत आढळते, तिला प्रतिजैविक-रोध म्हणतात. ही क्षमता विशिष्ट जीनांवर (आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या डीएनएच्या खंडांवर) अवलंबून असते. हे जीन मातृपेशीकडून कन्यापेशींकडे जातातच; पण एका जातीच्या सूक्ष्मजंतूकडून पूर्णपणे निराळ्या जातीच्या सूक्ष्मजंतूकडेही जाऊ शकतात. शहरांचे मैलापाणी, रुग्णालयांतील सांडपाणी आणि औषधनिर्मितीच्या कारखान्यांचा बहिःस्राव ज्यांत मिसळतो, ते नाले, नद्या व तळी ही या देवाणघेवाणीची मोठी क्षेत्रे होत.

रोधक जीन मानवाने निर्माण केलेले नाहीत. अनेक प्रतिजैविके मुळात जमिनीतील सूक्ष्मजीवच तयार करतात आणि त्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या जीवांत रोधाची साधने फार पूर्वीच विकसित झाली. कॅनडातील युकॉन भागात सु. ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीतील डीएनएमध्ये असे जीन सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पेनिसिलिनाचे विघटन करणाऱ्या एंझाइमाचे वर्णन ई. पी. एब्रॅहॅम व ई. बी. चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे या औषधाचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वी केले होते. मानवाने केले ते एवढेच की, विखुरलेल्या या जीनांना त्याने प्रचंड प्रमाणावर निवडून काढले आणि एकत्र आणले.

जीनांच्या आडव्या संक्रमणाचे तीन मार्ग ज्ञात आहेत. मृत पेशीतून बाहेर पडलेला डीएनए दुसरी पेशी शोषून घेते, हा पहिला मार्ग होय. तो एफ. ग्रिफिथ यांच्या १९२८ च्या प्रयोगांतून उघड झाला. दुसऱ्या मार्गात सूक्ष्मजंतूंवर जगणारे व्हायरस एका आश्रय पेशीतील डीएनएचा तुकडा दुसरीत नेतात (एन. झिंडर व जे. लेडरबर्ग, १९५२). तिसरा मार्ग संयुग्मनाचा. यात दोन पेशी प्रत्यक्ष जोडल्या जातात आणि एकीतील डीएनएची प्रत दुसरीत जाते. लेडरबर्ग व ई. एल. टेटम यांनी तो १९४६ मध्ये दाखविला. रोधाच्या प्रसारात हा तिसरा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे.

त्याचे महत्त्व प्रथम जपानमध्ये ध्यानात आले. १९५० नंतरच्या दशकात तेथील आमांशाच्या साथींत स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन, क्लोरँफिनिकॉल व सल्फा औषधे या चारींना एकाच वेळी न जुमानणारे शिगेला सूक्ष्मजंतू आढळू लागले. चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच जंतूत एकदम घडणे जवळजवळ अशक्य. टी. अकिबा व के. ओचिआई यांच्या संशोधनगटांनी १९५९ मध्ये दाखविले की, हा चौपदरी रोध आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूकडून शिगेलाकडे एकगठ्ठा जातो. टी. वाटानाबे यांनी याचे विवेचन सांसर्गिक आनुवंशिकता या नावाखाली केले. आनुवंशिकता साथीच्या रोगासारखी ‘लागू’ शकते, ही कल्पना त्या काळी धक्कादायकच होती.

हा गठ्ठा वाहून नेणारे साधन म्हणजे प्लास्मिड. मुख्य गुणसूत्राहून स्वतंत्र असे हे डीएनएचे (बहुधा वर्तुळाकार) रेणू होत. गुणसूत्र व प्लास्मिड यांच्यात उड्या मारणाऱ्या खंडांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. इंटिग्रॉन हे आणखी वेगळे. त्यांच्यात रोधक जीन मण्यांप्रमाणे एकामागे एक ओवले जातात. टीएन-२१ या ट्रान्सपोझॉनावर पाऱ्याच्या विषारीपणास रोध करणारे जीन आणि इंटिग्रॉन शेजारी शेजारी असतात. त्यामुळे पाऱ्याने दूषित पाण्यात प्रतिजैविकाचा थेंबही नसताना प्रतिजैविक-रोधी जंतूंची निवड होऊ शकते.

दूषित पाण्यात हे सर्व घटक एकत्र येतात. माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांतील जंतू तेथे पाण्यातील मूळच्या जंतूंना भेटतात. खडकांवर, नळांच्या आतील बाजूस व गाळात बनणाऱ्या चिकट थरांत पेशी परस्परांना लगटून राहतात. आणि औषधांचे अवशेष रोधी जंतूंना झुकते माप देतात. हे अवशेष जंतूंना मारण्याइतके असावे लागत नाहीत. मारक प्रमाणाच्या शेकडो पट कमी प्रमाणातही निवड घडते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. उलट, पाण्यातील निरुपद्रवी जंतूंचे जीन रुग्णालयांत पोहोचल्याचीही उदाहरणे आहेत. क्विनोलोन गटाच्या औषधांना रोध करणाऱ्या क्यूएनआर-ए या जीनाचे मूळ शेवानेला अल्गी या जलवासी सूक्ष्मजंतूत सापडले.

भारतातील दोन उदाहरणे जगभर चर्चिली गेली. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील सु. ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी जेथे शुद्ध केले जाई, त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिग्रॅ. पर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. हे पाणी ओढ्यांतून मांजरा नदीस व पुढे गोदावरीस मिळते. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांत उगम पावणारी मांजरा ती हीच. तेथील प्रवाहांच्या गाळात रोधक जीन व त्यांना वाहून नेणारे घटक विपुल प्रमाणात आढळले (२०११).

दुसरे उदाहरण एनडीएम-१ या जीनाचे. कार्बापेनेम ही राखीव औषधेही निष्प्रभ करणारे एंझाइम तो निर्माण करतो. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात २००८ मध्ये तो आढळला व त्याला नवी दिल्लीचे नाव मिळाले. नावावरून बराच वाद माजला. त्या गदारोळात मूळ प्रश्न काहीसा मागे पडला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ व नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत हा जीन आढळला. पटकीच्या व आमांशाच्या जंतूंतही तो शिरला होता. त्याचे संक्रमण ३७° से. या शरीराच्या तापमानापेक्षा ३०° से. तापमानास अधिक सहज होते, ही बाब उष्ण प्रदेशांच्या दृष्टीने चिंताजनक आहे. पुढे हृषीकेश-हरिद्वार परिसरात गंगेच्या पाण्यातील त्याचे प्रमाण फेब्रुवारीच्या तुलनेने यात्रेच्या हंगामात २० पटींहून अधिक असल्याचे दिसले (२०१४). ही वाढ माणसांच्या मैल्यातून होते. म्हणून यात्रास्थळी शौचालये व मैलापाण्याची व्यवस्था यांचा संबंध थेट औषधांच्या परिणामकारकतेशी पोहोचतो.

पाण्यात जीन सापडणे म्हणजे रोग होणे नव्हे. असे पाणी पिणाऱ्याच्या आतड्यात रोधी जंतू महिनोन्महिने निमूटपणे राहू शकतात. शस्त्रक्रियेनंतर, मूत्रमार्गाच्या संसर्गात किंवा नवजात अर्भकाच्या रक्तदोषात उपचार लागू पडेनासे होतात, तेव्हाच त्यांचे अस्तित्व कळते.

नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रांत जंतूंची संख्या पुष्कळ घटते. तथापि ही केंद्रे जीन नष्ट करण्यासाठी आखलेली नाहीत व तेथील दाट गाळात संयुग्मनास वावही मिळतो. क्लोरिनाने पेशी मेल्या, तरी त्यांचा डीएनए काही प्रमाणात शिल्लक राहतो. त्यामुळे प्रतिजैविके उगमापाशीच अडविण्यावर भर दिला जातो. भारतात औषध कारखान्यांच्या बहिःस्रावातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा जानेवारी २०२० मध्ये निघाला, परंतु २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत ती मर्यादा नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली.