कोंबडी दारात हवी, खाटेखाली नको

दारात चार-पाच गावरान कोंबड्या म्हणजे घराला आधार. दवाखान्याला पैसे लागले की कोंबडा बाजारात जातो, पाहुणा आला की कालवण होतं आणि मनात आणलं तर लेकराच्या ताटात अंडं पडतं. ‘मनात आणलं तर’ हे मुद्दाम लिहिते आहे. बहुतेक घरांत अंडी विकली जातात किंवा खुडूक कोंबडीखाली ठेवली जातात. पोटात जातात ती फार थोडी.

घरी कोंबड्या आहेत आणि तरीही लेकरू हडकुळं आहे, असं दिसलं की मी त्याच्या आईला आधी एक विचारते. कोंबड्या रात्री कुठं असतात? उत्तर ठरलेलं असतं. खाटेखाली नाहीतर चुलीजवळ डालग्यात. त्यालाही कारण आहे. बाहेर मुंगूस, बोका, कुत्री, वर चोर. घर एका खोलीचं, अंगण हातभर. कोंबडी गेली तर ती भरून कोण देणार? म्हणून त्या बाईला नुसतं बोलून काही होत नाही.

पण त्याच जमिनीवर मूल रांगतं. हात शिटेत पडतो, तोच हात तोंडात जातो. धडधाकट कोंबडीच्या शिटेतही साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. तिला काही होत नाही, मुलाला जुलाब होतात. असे जुलाब पुन्हा पुन्हा झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. इथिओपियाच्या खेड्यांतल्या मुलांची एक पाहणी २०१६ साली छापून आली. कोंबड्या पाळणाऱ्या घरांतली मुलं उंचीनं बरी आढळली, पण जिथं कोंबड्या रात्री घरातच कोंडल्या जात तिथं मुलांची उंची मागं पडलेली दिसली. आपल्या घरांची रचना काही फार वेगळी नाही.

तेव्हा खुराडं बाहेरच्या भिंतीला लागून करा. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, तळाला बांबूच्या कामट्या, म्हणजे शीट फटीतून खाली पडते. खाली राख पसरून ठेवा. बाजूला बारीक जाळी लावा, मुंगूस अगदी लहान फटीतून शिरतं. दाराला दोरी नको, कडी हवी. पहिले सात-आठ दिवस दिवस मावळताना धरून आत घालावं लागतं, मग कोंबड्या आपोआप तिकडं जातात. झाडताना आधी पाणी शिंपडा आणि नाकाला पदर लावा. ती धूळ दमेकऱ्याला फार वाईट.

आता मर. सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. हिरवट पातळ शीट, तोंड उघडून श्वास, पंख-पाय लुळे, मान वाकडी, आणि चार दिवसांत खुराडं रिकामं. ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून तिला हे नाव पडलं. हा विषाणूचा रोग आहे. मेडिकलमधून आणलेली माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात दिली तरी तो बरा होत नाही, पैसे मात्र जातात. उपाय एकच, आधीच दिलेली लस. पिल्लू सहा-सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. साधारण आठव्या आठवड्यात आर टू बी ही लस टोचून. पुढची कधी, ते गुरांच्या दवाखान्यात विचारा.

अडचण अशी की लसीची कुपी बहुतेक शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुणी येत नाही. म्हणून हे काम वस्तीनं मिळून करायचं आहे. विहारात महिला मंडळाची बैठक असते, तिथंच कुणाकडं किती पक्षी आहेत ते लिहून घ्या, ती यादी घेऊन दवाखान्यात जा आणि दिवस मागून घ्या. लस पहाटे द्यायची, पक्षी खुराड्यात असतात तोवर. वीस घरांपैकी दोन घरं राहिली तरी रोगाला दार उघडं राहतं. मर सुरू झाल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या येतात त्याला आपल्याकडं देवी म्हणतात. त्यात कुठल्या देवीचा कोप नाही. तोही विषाणूच, डासांमुळं पसरतो, आणि त्याचीही लस आहे.

आजारी कोंबडी मरायच्या आत कापून खाणं, हे मात्र थांबवा. कापणाऱ्या बाईच्या हाताला, विळीला, शेजारच्या भाजीला सगळं लागतं. ती बाजारात नेऊन विकली तर रोग दुसऱ्या गावात जातो. नव्या आणलेल्या पक्ष्यालाही म्हणूनच पंधरा दिवस वेगळं ठेवायचं. मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नका. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि साबणानं हात धुवा.

एकदम बरेच पक्षी मेले तर त्याच दिवशी कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला. २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तो आला. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसतं बघून ओळखता येत नाहीत, तपासणी लागते. पक्षी मारावे लागतील या भीतीनं लोक लपवतात. पण सरकारी भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. मेलेले पक्षी हाताळल्यावर घरात कुणाला ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबड्यांचं आधी सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

अंडं पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडा. तडकलेलं अंडं मुलाला देऊ नका. शीट लागलेली अंडी धुऊन ठेवू नका, उकडायच्या वेळीच धुवा. आणि विकायची अंडी मोजण्याआधी लेकराचं आणि गरोदर सुनेचं अंडं बाजूला काढून ठेवा.