उसाच्या रसातील साका व निर्गमद्वाराचे तुंबणे

कोल्हापूरच्या गुळाची कीर्ती जुनी आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसविली ती मुख्यत्वे गुळाच्या व्यापाराकरिता. आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. गुळाचा रंग, कणी आणि टिकाऊपणा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु रस एका पात्रातून दुसऱ्या पात्रात जाताना वाटेत का अडतो, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. गुऱ्हाळावर मात्र हा प्रश्न हंगामभर भेटतो. चरकाखालच्या हौदाची नळी तुंबली की चुलाण पेटलेले राहते, काहील रसाची वाट पाहत राहते आणि गाळलेला रस आंबू लागतो. अशा रसातील साखरेचे विघटन होते व त्याचा गूळ मऊ आणि चिकट पडतो. एका आधणाचा सुमारे हजार लिटर रस, त्यामागचा ऊस आणि जळण एवढे सर्व एका अंगठ्याएवढ्या भोकावर अवलंबून असते.

खुद्द काहिलीला तळाशी भोक नसते, ही गोष्ट प्रथमदर्शनी गैरसोयीची वाटते. पाक तयार झाला की काहील चुलाणावरून काढून तिरपी करावयाची व पाक वाफ्यात ओतावयाचा, हे श्रमाचे आणि जोखमीचे काम आहे. तोटी बसविली असती तर हे श्रम वाचले असते, असे कोणासही वाटेल. परंतु गुळाचा पाक ११६ ते ११८ अंश सेल्सिअसच्या सुमारास उतरवितात; त्यानंतर तो क्षणाक्षणाला दाट होत जातो आणि थंड धातूला लागताच त्यात कणी धरू लागते. अशा द्रवासाठी अरुंद मार्ग ठेवणे म्हणजे अडथळ्यास आमंत्रणच होय. भोक न ठेवण्यात परंपरेचा आंधळेपणा नसून अनुभवाने आलेली सावधगिरी आहे, असेच म्हणावे लागते.

तुंबण्याचा प्रश्न उरतो तो दोन ठिकाणी: कच्च्या रसाच्या हौदाशी आणि काकवीच्या पात्राशी. दोन्ही ठिकाणी द्रवात तरंगणारे पदार्थ सारखे नसतात, म्हणून उपायही सारखे असू शकत नाहीत.

कच्च्या रसात तीन प्रकारची घाण येते. पहिला प्रकार चिपाडाच्या तंतूंचा. दुसरा उसाबरोबर आलेल्या मातीचा. तिसरा प्रथिने, मेण, डिंकासारखे पदार्थ इत्यादी कलिलांचा. हे डोळ्यांना दिसत नाहीत, पण उष्णता लागताच साकळून मळीच्या रूपाने प्रकट होतात. यांपैकी नळी तुंबविण्याचा पहिला मान तंतूंकडे जातो. धान्याचे दाणे एखाद्या भोकातून पडत असताना भोकाचा व्यास दाण्याच्या काही पटींहून कमी झाला, तर दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात व प्रवाह थांबतो. तंतूंच्या बाबतीत हिशेब करावयाचा तो त्यांच्या जाडीचा नव्हे, लांबीचा. सेंटिमीटरभर लांबीचा बारीक तंतू जाळीतून उभा निसटतो आणि पुढे नळीच्या वळणावर किंवा तोटीच्या पडद्याशी आडवा होतो. त्याला दुसरा अडकतो, मग तिसरा, आणि या विणीवर माती बसली की बूच तयार होते.

यावर बहुधा योजला जाणारा उपाय म्हणजे नळीच्या तोंडाशी अधिक बारीक जाळी बांधणे. हा उपाय चुकीचा आहे. पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटरदेखील भरत नाही. सगळा रस एवढ्याशा जागेतून जावयाचा म्हटल्यावर त्यातील सगळी घाणही तेथेच येऊन बसणार, हे उघड आहे. जाळी लावावयाचीच असेल तर ती चरकाखाली, रुंद आणि उतरती असावी, म्हणजे तंतू स्वतःच्या भाराने बाजूस घसरतील. तोंडाशी लावलेली जाळी तुंबणे टाळीत नाही; तुंबण्याची जागा तेवढी ठरवून देते.

मातीसाठी निवळणे हाच मार्ग होय. कण द्रवात कोणत्या वेगाने खाली बसतो याचे सूत्र स्टोक्सने १८५१ मध्ये दिले. कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वेग वाढतो आणि द्रवाच्या श्यानतेच्या प्रमाणात तो घटतो. या सूत्राप्रमाणे पन्नास मायक्रॉन व्यासाचा मातीचा कण रसातून अर्धा मीटर खाली येण्यास सुमारे सहा मिनिटे घेतो. पाच मायक्रॉनच्या कणास मात्र शंभरपट काळ, म्हणजे दहा तास लागतात. दहा तास कच्चा रस ठेवणे शक्य नाही. येथेच गुळव्याच्या भेंडीचे महत्त्व कळते. रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात कुस्करली की जो बुळबुळीत द्राव निघतो, तो तापत्या रसात घातल्यावर सूक्ष्म कणांना परस्परांशी गुंफतो. चुन्याच्या निवळीने रसाची आम्लता कमी होते आणि रसातील फॉस्फेट चुन्याशी संयोग पावून साक्याची आणखी भर पडते. वस्तुतः हे पुंजके रसाहून किंचित जड असतात. परंतु त्यांत हवेचे व वाफेचे बुडबुडे अडकतात, म्हणून ते तळाशी न जाता वर येतात. उकळी फुटून सर्व काही ढवळले जाण्यापूर्वी मळी काढली पाहिजे, हा गुळव्याचा नियम त्यामुळेच काटेकोर असतो. जी घाण वरून निघाली ती पुढे कोणत्याही तोटीत अडकत नाही.

बिअर करणाऱ्यांनी याच प्रश्नाचे उत्तर उलट्या दिशेने शोधले आहे. (महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य करण्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, तेथील पात्राची रचना अभ्यासण्यास मात्र प्रत्यवाय नसावा.) सातूचा अर्क हॉप नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळला की त्यातही प्रथिने साकळतात. अखंड फुले वापरल्यास तीच तळाच्या जाळीवर थर धरतात आणि गाळणीचे काम करतात. फुलांची पूड वापरली तर तीच जाळी काही क्षणांत लिंपली जाते. पाश्चात्य देशांत घरगुती प्रमाणावर बिअर करणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो. पुडीच्या बाबतीत जाळी सोडून देऊन द्रवाला गोल फिरवावयाचे आणि स्थिर होऊ द्यावयाचे, ही पद्धत अधिक फलदायी ठरते. कॅनडातील मॉल्सन मद्यशाळेत १९६० च्या सुमारास ती मोठ्या प्रमाणावर अवलंबिली गेली.

तिचे तत्त्व चहाच्या पेल्यात पाहावयास मिळते. चहा चमच्याने ढवळून चमचा बाहेर काढला की पत्ती कडेला न जाता तळाच्या मध्यभागी गोळा होते. केंद्रोत्सारी प्रेरणेचा विचार करणाऱ्यास हे विपरीत वाटेल. आइन्स्टाइनने १९२६ मध्ये नद्यांच्या नागमोडी वळणांची मीमांसा करताना याचे स्पष्टीकरण दिले. फिरत्या द्रवात कडेचा दाब मध्यापेक्षा अधिक असतो. वरच्या थरांत हा दाब फिरण्याच्या वेगाने तोलला जातो. परंतु तळाशी घर्षणामुळे वेग मंदावलेला असल्याने तो तोल राहत नाही, आणि तळाचा द्रव कडेकडून मध्याकडे सरकू लागतो. त्याच्याबरोबर साकाही सरकतो. म्हणून निर्गमद्वार मध्यभागी न ठेवता कडेला, तळापासून थोडे वर ठेवावयाचे.

कच्च्या रसाच्या हौदासाठी ही युक्ती उपयोगी पडण्याजोगी आहे, मात्र काही अटींवर. हौद गोल हवा. चौकोनी हौदाच्या कोपऱ्यांत प्रवाह मोडतो. चरकाकडील पन्हळ कडेला स्पर्शून रस सोडणारी हवी, म्हणजे निराळे ढवळावे लागत नाही. शिवाय भरणे आणि सोडणे एकाच वेळी चालू ठेवता येत नाही, म्हणून दोन हौद आळीपाळीने वापरावे लागतील. तरंगणारा भुसा अर्थात या पद्धतीने निघत नाही. तो वरूनच झाऱ्याने काढला पाहिजे.

काकवीला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. काकवी १०५-१०६ अंशांवर उतरवितात. निवल्यावर तिची श्यानता रसाच्या शंभरपटीहून अधिक होते आणि दिलेले भ्रमण थोड्याच वेळात विरून जाते. तेथे आधार केवळ कालाचा. प्रत्यक्षात काकवी आठ-दहा दिवस निवळत ठेवण्याचा प्रघात आहे. स्टोक्सच्या सूत्राने पाहता एवढ्या अवधीत पंधरा मायक्रॉनचा मातीचा कण अर्धा मीटर खाली येतो, तेव्हा हा प्रघात हिशेबाला धरून आहे. मात्र त्याहून बारीक आणि हलका साका काकवीत राहतोच. तो काढण्याची वेळ रस पातळ असतानाची होती. ती टळली म्हणजे तोटीपाशी कितीही खटपट केली तरी भरून निघत नाही.

निवळलेली काकवी सोडताना तोटी एकदम पूर्ण उघडू नये. कडेच्या द्वाराकडे द्रव सर्व बाजूंनी धावतो आणि त्याचा वेग अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. मिनिटास दहा लिटर सोडल्यास द्वारापासून दहा सेंटिमीटरवर वेग सेकंदास सुमारे पाव सेंटिमीटर असतो. पाच सेंटिमीटरवर तो एक सेंटिमीटर होतो. तळाचा मऊ साका उचलला जाण्यास एवढा वेग पुरेसा ठरू शकतो. म्हणून पातळी जसजशी उतरेल तसतशी तोटी आवळीत जावे. तोटीही सरळ, पूर्ण व्यासाची व बाहेरून सळई घालता येईल अशी असावी. तुंबलेल्या भोकात वरून, गरम पात्रावर ओणवून, काठी खुपसण्याची रीत सर्वथा त्याज्य आहे. तापलेला पाक अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून राहतो आणि खोल भाजतो.

राहता राहिला तळाचा शेष. एक मीटर व्यासाच्या पात्रात तोटीखाली तीन सेंटिमीटर द्रव उरला तर तो साडेतेवीस लिटर भरतो, आणि एवढी काकवी टाकून देणे कोणास परवडणार? तिला जाळीतून ओढण्याचा मोह तेथेच होतो. त्यापेक्षा ती पुढच्या आधणाच्या ताज्या रसात, भेंडीचा द्राव घालण्यापूर्वी, मिसळावी. पातळ होताच तिच्यातील साका पुन्हा मोकळा होतो आणि मळीबरोबर वर येतो.