सवलत पुरुषांनाही आहे

मगरिबच्या अजानला पाच मिनिटे असताना मशिदीच्या आवारातला दस्तरखान पाहावा. खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी, लाल सरबताचे पेले. भोवती बसलेल्यांत चाळिशी-पन्नाशीचे बरेचजण असतात. चौदा तास पाण्याचा घोट न घेतलेल्या या माणसांचा संयम पाहून कुणालाही आदर वाटेल. पण त्यांतल्या कितीजणांना आपली शुगर, आपले बीपी ठाऊक आहे, असे विचारले तर दस्तरखानावर शांतता पसरेल. भारतात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या 2023 मधल्या अभ्यासात निघाला. त्यातले काही आपल्याच सफमध्ये, म्हणजे नमाजच्या रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे असणार.

आजारी माणसाला रोजातून सवलत आहे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये, 184 आणि 185 व्या आयतींत ती सांगितली आहे. आजारी किंवा प्रवासी असाल तर राहिलेले रोजे पुढे ठेवावेत; ज्याला ते झेपणारच नाही, त्याने फिदया म्हणून गरिबाला जेवू घालावे. घरातली बाई ही सवलत निमूट घेते. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, बाळंतपणात नसतो. राहिलेले कजा रोजे ती वर्षभरात एकेक करून भरून काढते. त्यात तिला कमीपणा वाटत नाही. पुरुषाला मात्र लोक काय म्हणतील याची धास्ती. इन्सुलिन चालू असलेला माणूसही ‘अजून धडधाकट आहे मी’ म्हणत सहरीला उठतो. हिंदू वाचकांना हे चित्र परके वाटू नये. रक्तदाबाची गोळी चुकवून निर्जळी एकादशी करणारे आजोबा त्यांच्याही घरात असतील.

आमच्या ओळखीच्या एका यंत्रमाग कामगाराची गोष्ट सांगतो. वय पन्नासच्या आसपास, दोन वर्षांपासून शुगर. रोजा आहे म्हणून सकाळची गोळी त्याने आपल्या मनाने सहरीला घेतली. असर पुरी दहा प्रहर... निदान त्याला तरी तसेच वाटले असेल. असरच्या सुमारास घाम फुटला, हात थरथरू लागले. हा म्हणाला, उन्हाने होतंय. शेजारच्या मागावरच्या पोराने जबरदस्तीने तोंडात साखर कोंबली, म्हणून निभावले. शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, ‘रोजा तुटला का?’

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उपाशीपोटी शुगर एकदम उतरू शकते. सकाळची मोठी मात्रा सहरीला घेतली, की दिवसभर पोटात अन्न नसताना तिचे काम चालूच राहते. म्हणून वेळ आणि मात्रा डॉक्टरांनीच बदलून द्यायची असते, आणि त्यासाठी भेटायची खरी वेळ म्हणजे रमजानच्या आधीचा शाबान महिना. तो हुकला असेल तर उद्या जावे. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असे डॉक्टर सांगतात. तिशीपुढच्यांची शुगर-बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. म्हणजे पैशाची सबबही फारशी उरत नाही.

तंबाखूचे तर नवलच आहे. दिवसभर जो माणूस बिडीला हात लावत नाही, तो खजूर तोंडात टाकून पहिली बिडी पेटवतो. चौदा तास जमले ते पंधराव्या तासाला का जमू नये? सोडायची असेल तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फुकट मदत मिळते.

मनाचे दुखणे याहून अवघड, कारण ते रागाच्या वेषात येते. तरावीहमुळे झोप उशिरा, सहरीला पुन्हा जाग, डोक्यावर मुलांच्या ईदच्या कपड्यांचा खर्च आणि मागची उधारी. माणूस घरात सगळ्यांवर खेकसतो. घरचे म्हणतात, ‘जाऊ दे, रोजा लागलाय त्याला.’ पण कुणी भांडायला आले तरी ‘मी रोजेदार आहे’ एवढेच म्हणावे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. चिडचिडीला रोजाचे कारण पुढे करता येत नाही. पुरुषांतले नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे, तर चिडण्यातून, गप्प राहण्यातून, नशेतून दिसते. आपल्या देशात दर दहा आत्महत्यांत सुमारे सात पुरुषांच्या असतात.

हदीसमध्ये हजरत सलमान फारसी आणि अबू दर्दा यांचा प्रसंग आहे. अबू दर्दा दिवसा रोजे ठेवत, रात्रभर नमाज पढत. घराकडे, बायकोकडे लक्ष नव्हते. पाहुणे आलेल्या सलमाननी त्यांना आग्रहाने जेवू घातले, रात्री झोपायला लावले आणि समजावले की अल्लाहचा हक्क आहे तसा तुमच्या जिवाचा आणि घरच्यांचाही तुमच्यावर हक्क आहे. पैगंबरांनी सलमानचे म्हणणे खरे ठरवले. मला यात सलमान महत्त्वाचे वाटतात. मित्राचे बिघडत चाललेले त्यांनी पाहिले आणि परका विषय मानून सोडून दिले नाही.

तरावीहनंतर चहाच्या टपरीवर रात्री बारापर्यंत बैठक रंगते. क्रिकेट होते, राजकारण होते. त्या बाकावर कुणी बरेच दिवस गप्प बसत असेल, तर बाकीच्यांनी चहा संपल्यावर त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जावे. बोलणे जमत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक त्याला द्यावा. फोन चोवीस तास चालू असतो आणि मराठीतूनही बोलता येते.