कपाटांना कुलूप का?

शंभर वर्षांपूर्वी मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज मागवले. सुमारे 900 आले. ग्रंथालयशास्त्र शिकलेला त्यात एकही नव्हता. निवड झाली गणित शिकवणाऱ्या शि. रा. रंगनाथन यांची. जानेवारी 1924 मध्ये ते रुजू झाले आणि आठवडाभरातच कंटाळून जुन्या नोकरीवर परतायला निघाले. पुढे त्यांना लंडनला या विषयाच्या शिक्षणासाठी पाठवले गेले. परतले ते जवळपास वीस वर्षे त्याच जागेवर राहिले, आणि 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री लिहून गेले. पगार आधीही बरा होता. माणूस टिकला तो कामाची गोडी लागल्यावर.

आज अडचण उलटी आहे. शिकलेली माणसे आहेत, जागा भरल्या जात नाहीत. बुलढाणा जिल्ह्याचेच पाहा. तिथली महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्याच विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभागही आहे. महाविद्यालयीन ग्रंथपालाला 55 टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकेच. पण अनुदानित जागा भरायची तर शासनाची मान्यता, आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, उच्च शिक्षण सहसंचालकांचे ना हरकत प्रमाणपत्र, जाहिरात आणि निवड समिती, एवढे उंबरे ओलांडावे लागतात. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्याने महाविद्यालयांतील 4,738 पदांना मान्यता दिली; त्यांत ग्रंथपालांची होती 163. प्राध्यापकाची जागा रिकामी राहिली तर तासिका तत्त्वावर कोणीतरी येते. ग्रंथपालाला मुळात तासिकाच नसतात. मग एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा लिपिकाकडे ‘प्रभार’ जातो.

प्रभार म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला कपाटापाशी कळते. दाखलनोंद पुस्तकातल्या हजारो पुस्तकांचा हिशेब प्रभारीच्या माथी असतो. पडताळणीत पुस्तके कमी भरली तर वसुली आपल्याकडून होईल ही धास्ती, म्हणून तो कपाटांना कुलूप लावतो. त्याचा दोष नाही. केंद्र सरकारचे वित्तीय नियम सांगतात की वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच हरवली, आणि त्यात लबाडी वा हलगर्जी नसेल, तर ते नुकसान वाजवी मानावे. जाणकार ग्रंथपाल असा आधार पुढे करून कपाटे उघडी ठेवण्याचा आग्रह धरू शकतो. प्रभारीला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. ‘एन-लिस्ट’ या योजनेतले ई-साहित्य महाविद्यालयांना मिळू शकते. त्यासाठीही विद्यार्थ्यांची खाती उघडून देणारे आणि शोधायचे कसे हे शिकवणारे कोणी लागते. नॅकचे मूल्यांकन जवळ आले की मात्र ग्रंथालयाची आठवण सगळ्यांना होते!

कायमचा माणूस मिळाला तरी तो राहील का? शेगाव, नांदुरा, मलकापूर रेल्वेवर आहेत, अकोल्याहून ये-जा जमते. घाटावर बुलढाणा, मेहकर, लोणारला रेल्वेच नाही. त्यातही लहान महाविद्यालयात ग्रंथपाल एकटाच. बोलायला समव्यवसायी नाही, हाताखाली परिचर असला तर असला. परीक्षेची बैठक व्यवस्था, प्रवेशाचे अर्ज, निवडणुकीचे काम, सगळे ‘सर, तुम्ही मोकळेच आहात ना’ म्हणून त्याच्याकडे. विनाअनुदानित संस्थेत यावर मानधनही तुटपुंजे. अशा माणसाला मोठ्या शहरातली जागा दिसली की तो अर्ज करतो, आणि त्याने करूही नये असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

नव्या जागांना मान्यता शासनानेच द्यायची आहे. पण असलेल्या ग्रंथपालाला परीक्षेच्या कामातून सोडवणे, प्राध्यापकांच्या बैठकीत बोलावणे, प्रथम वर्षाच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास ग्रंथालयाला देणे, यासाठी कोणाची मान्यता लागत नाही. प्राचार्यांची सही पुरते. आणि पालकहो, येत्या जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा शुल्काबरोबर एवढेही विचारा: तुमच्याकडे ग्रंथपाल पूर्णवेळ आहेत की प्रभारी?