दुबईला निघालात? गोळ्यांची पट्टी कापून घेऊ नका

मुलगा दुबईत नोकरीला आणि त्याच्याकडे महिना-दीड महिना राहायला निघालेले आईवडील, हे दृश्य बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आता नवं राहिलेलं नाही. बॅगेत लोणचं, चिवडा आणि बीपी-शुगरच्या गोळ्या. यातल्या बहुतेक गोळ्यांची अडचण नसते. घोळ होतो तो एखाद्याच पट्टीमुळे.

संयुक्त अरब अमिरातीत काही औषधांवर सरकारचं कडक नियंत्रण आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी, झोपेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम त्यात येतात. पण मधुमेहात पायांची आग होते म्हणून आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी प्रिगॅबालिनही त्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती बऱ्याचदा व्हिटॅमिनसोबत एकाच गोळीत येते. घरात तिचं नाव 'नसांची गोळी' एवढंच!

अशी औषधं न्यायची तर निघण्याआधी तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावरून परवानगी काढावी लागते. अर्जाला डॉक्टरांची चिठ्ठी आणि आजाराचा अहवाल जोडायचा. चिठ्ठी इंग्रजीत, टाइप केलेली हवी. नाव पासपोर्टवर आहे तसंच. कंपनीचं ब्रँडनेम तिकडच्या अधिकाऱ्याला कळेलच असं नाही, म्हणून औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं.

आता पट्टीचं. मेडिकलवाला दहातल्या सहा गोळ्या कापून देतो, तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख बऱ्याचदा उरलेल्या तुकड्यावर राहते. हातात येतात त्या बिननावाच्या गोळ्या. प्रवासासाठी अख्खी पट्टीच घ्यावी, बिलासकट. रोजच्या गोळ्या डबीत काढून ठेवायची सवय असेल तर ती तिकडे पोचल्यावर. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावं. सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

परवानगीची कटकट नको म्हणून झोपेची गोळी परस्पर बंद करू नये, रोजची सवय असेल तर त्रास होतो. पर्यायी औषध चालेल का, हे डॉक्टरांनाच विचारावं, तेही तिकीट काढतानाच.

आणि शेजाऱ्याच्या मुलासाठी दिलेलं औषधाचं पुडकं? सरळ नाही म्हणावं, वाईटपणा आला तरी. 2017 मध्ये इजिप्तच्या हुरघाडा विमानतळावर एका ब्रिटिश महिलेकडे ट्रामाडॉलच्या 290 गोळ्या सापडल्या. पाठदुखीने त्रासलेल्या जोडीदारासाठी आणल्या, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने तिला 3 वर्षांची शिक्षा सुनावली. अमिरातीत तर मसाल्याच्या डब्यातली खसखससुद्धा नेता येत नाही.